पोलंडचं काळं पाणी

पोलिश भाषेत सैबेरियाला दोन शब्द आहेत. शाळेच्या भूगोलात शिकवतात ती ‘सिबेर्या’: मोठाल्या नद्या, बर्फ, खनिजं, सूचिपर्णी जंगलं. दुसरा शब्द ‘सिबिर’. हा शब्द तोंडी आला की पोलिश माणसाच्या डोळ्यांपुढे नकाशा येत नाही. पणजोबांना बेड्या घालून नेलं ती जागा, आजीला गुरांच्या डब्यात कोंबून नेलं ती जागा, असा त्याचा अर्थ. ती जागा खरोखर सैबेरियात असायला हवी असंही नाही. १९४० साली कितीतरी कुटुंबं कझाकस्तानच्या माळावर नेऊन टाकली गेली, कितीतरी अर्खांगेल्स्कच्या जंगलात, म्हणजे उरल पर्वताच्या अलीकडे, युरोपातच. तरी ती सगळी माणसं स्वतःला ‘सिबिराक’ म्हणवतात. सिबिर भोगून आलेला तो सिबिराक.

आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. ‘काळं पाणी’ म्हटल्यावर पाण्याचा रंग कोण विचारतो? अंदमान हे बेटांचं नाव आणि काळं पाणी हे शिक्षेचं. सिबेर्या आणि सिबिर यांचं नातं तसंच आहे. पोलंडमध्ये मात्र अडीचशे वर्षांत ही शिक्षा इतक्या घरांवरून गेली, की हद्दपारी हा त्या समाजाच्या स्वतःच्या ओळखीचाच एक भाग होऊन बसला. ते कसं झालं, हे सांगण्यासाठी हा लेख. आणि त्या गोष्टीचा एक धागा कोल्हापूरपाशी येतो, तोही सांगायचा आहे.

सुरुवात देश गमावण्यापासून करावी लागते. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड गिळला. पुढची १२३ वर्षं युरोपच्या नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. राजा नाही, सैन्य नाही, टपालाच्या तिकिटावर नाव नाही. अशा वेळी समाज स्वतःला कशात सांभाळून ठेवतो? भाषेत, गाण्यात, चित्रात, जेवणाच्या पानात. पोलंडचं आजचं राष्ट्रगीतसुद्धा परदेशातच लिहिलं गेलं. १७९७ साली इटलीत, नेपोलियनच्या बाजूने लढणाऱ्या पोलिश तुकड्यांसाठी. पहिलीच ओळ अशी, की आम्ही जिवंत आहोत तोवर पोलंड मेलेला नाही. आणि धृपदात सेनापती दोम्ब्रोव्स्कीला साद आहे, की चल, इटलीच्या भूमीवरून पोलंडकडे चल. घराबाहेर फेकल्या गेलेल्या माणसांनी घराकडे तोंड करून म्हटलेलं हे गाणं आज तिथे प्रत्येक शाळेत म्हटलं जातं.

रशियाच्या वाट्याला आलेल्या भागात दोन मोठे उठाव झाले, १८३० आणि १८६३ मध्ये. दोन्ही चिरडले गेले. उठाव मोडला की हरलेल्यांपुढे दोनच वाटा असत. पश्चिमेची वाट पॅरिसला जाई आणि पूर्वेची सिबिरला. १८३० नंतर पॅरिसकडे गेलेल्यांच्या लोंढ्याला पोलिश इतिहासात ‘थोरलं स्थलांतर’ म्हणतात, कारण त्यात पुढारी, कवी, सेनानी सगळेच होते. संगीतकार शोपँ उठावाच्या तोंडावर देशाबाहेर पडला तो पुन्हा परत आला नाही. तो पॅरिसमध्ये वारला तेव्हा त्याच्या बहिणीने त्याचं हृदय मागे वॉर्साला आणलं. तिथल्या चर्चच्या एका खांबात ते आजही आहे. देह एका देशात आणि काळीज दुसऱ्या देशात, हे पोलिश लोकांच्या बाबतीत शब्दशः घडलेलं आहे.

पूर्वेची वाट शब्दांत पकडली ती आडाम मित्स्क्येविच या कवीने. विल्नो, म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या विल्निअसच्या विद्यापीठात शिकताना त्याने मित्रांबरोबर गुप्त मंडळ काढलं. पकडले गेले. १८२४ मध्ये त्याला रशियात धाडलं गेलं, आणि जन्मगावी तो पुढे कधीच परतला नाही. १८३२ मध्ये त्याच्या ‘ज्यादी’ या नाट्यकाव्याचा तिसरा भाग आला. ‘ज्यादी’ हा त्या भागातला पितरांना जेवू घालण्याचा जुना विधी. आपल्या पितृपंधरवड्यासारखाच: गेलेल्यांना बोलवायचं, त्यांच्यापुढे अन्न ठेवायचं, त्यांना काय हवं ते विचारायचं. त्या विधीच्या चौकटीत कवीने विद्यार्थ्यांची हद्दपारी बसवली. कोवळ्या पोरांना किबित्का नावाच्या बंदिस्त घोडागाड्यांत घालून शहरातून नेतात आणि रस्त्यावरचे लोक बघत उभे राहतात, असं त्यात एक पात्र सांगतं. हा प्रसंग पुढच्या पिढ्यांनी इतक्या वेळा वाचला, की किबित्का न पाहिलेल्या मुलांनाही किबित्का ठाऊक असे.

मग चित्रकार आले. आर्तुर ग्रोटगेरने १८६३च्या उठावाची चित्रमालिका काढली, तिच्या छापील प्रती घराघरांत गेल्या. अलेक्सांडेर सोखाचेव्स्की स्वतः वीसेक वर्षं सिबिरमध्ये काढून आला होता. त्याच्या मोठ्या चित्राचं नाव ‘युरोपचा निरोप’. बर्फात सरहद्दीचा खांब उभा आहे, अलीकडे युरोप आणि पलीकडे आशिया, आणि त्या खांबापाशी कैद्यांचा तांडा थांबला आहे. हे चित्र वॉर्साच्या किल्ल्यातल्या ज्या इमारतीत लावलेलं आहे, तिथेच पूर्वी राजकीय कैद्यांच्या कोठड्या होत्या.

पण मला सगळ्यात जास्त अडवून ठेवतं ते यात्सेक माल्चेव्स्कीचं १८९२चं चित्र, ‘सिबिरमधली नाताळची आदली संध्याकाळ’. पोलंडमध्ये नाताळाहून आदल्या संध्याकाळचं महत्त्व मोठं. तिला ‘विगिलिया’ म्हणतात. आकाशात पहिली चांदणी दिसली की घर जेवायला बसतं, आधी ओप्वातेक नावाची पातळ पापडीसारखी वडी एकमेकांबरोबर मोडून खायची, एकमेकांचं बरं चिंतायचं, आणि टेबलावर एक पान जास्तीचं मांडायचं. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. पुष्कळ घरांत हे पान जे येऊ शकत नाहीत त्यांचं म्हणून ओळखलं जातं. माल्चेव्स्कीने या सणाची दुसरी बाजू रंगवली: ज्याचं पान घरी रिकामं आहे, तो माणूस त्या रात्री कुठे बसलाय? चित्रात काही पुरुष टेबलाशी बसले आहेत. कुणी कुणाकडे बघत नाही. सण आहे, जेवण नावापुरतं आहे, आणि बोलण्यासारखं कुणाकडे काही उरलेलं नाही.

माल्चेव्स्की स्वतः कधीच हद्दपार झाला नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे होती ग्रोटगेरची चित्रं आणि युलिउश स्वोवात्स्की या कवीचं सिबिरवरचं काव्य. तो कवीही तिथे गेलेला नव्हता. म्हणजे पोलिश मनातलं सिबिरचं चित्र बऱ्याच अंशी न गेलेल्यांनी, मागे राहिलेल्यांनी घडवलं. सामूहिक आठवण अशीच तयार होते, भोगणारा गप्प असतो आणि त्याची वाट बघणारा बोलतो. यात एक गोष्ट हरवली, ती म्हणजे तिथली माणसं. या चित्रांतली भूमी पांढरी आणि रिकामी आहे. खरं तर तिथे याकुत होते, बुर्यात होते, त्यांच्या भाषा होत्या. ते ज्यांनी पाहिलं ते हद्दपारच होते. वात्स्वाव सिएरोशेव्स्कीने याकुतांवर मोठा ग्रंथ लिहिला. ब्रोनिस्वाव पिउसुद्स्कीने साखालिन बेटावरच्या आयनू लोकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केली. बेनेदिक्त दिबोव्स्कीने बायकाल सरोवरातल्या जिवांचा अभ्यास केला, आणि यान चेर्स्कीच्या नावाची एक अख्खी पर्वतरांग ईशान्य सैबेरियात आहे. शिक्षा म्हणून पाठवलेल्या माणसांनी त्या मुलखाचं शास्त्र रचलं, याचा मला फार आदर वाटतो.

ब्रोनिस्वावचा धाकटा भाऊ युझेफ पिउसुद्स्की. त्यानेही पाच वर्षं सिबिर भोगलं, आणि १९१८ मध्ये पोलंड पुन्हा उभा राहिला तेव्हा देशाची सूत्रं त्याच्या हाती आली. सिबिराकांची पहिली संघटना निघाली ती याच स्वतंत्र पोलंडमध्ये, १९२८ साली. तेव्हा सगळ्यांना वाटलं असणार, की ही गोष्ट आता आजोबांच्या गोष्टींत जमा झाली.

बारा वर्षांनी ती परत आली.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलर आणि स्टालिन यांच्यात करार झाला. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मनी पोलंडमध्ये घुसला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य. पूर्वेकडचा हा पट्टा म्हणजे ‘क्रेसी’, सीमेवरचा मुलूख. तिथे पोलिश, युक्रेनी, बेलारुसी, ज्यू अशी मिसळ वस्ती होती. सोव्हिएत गुप्त पोलिसांनी याद्या केल्या. पहिली मोठी उचल १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे झाली. त्या यादीत होते ते मुख्यतः जुन्या युद्धात लढल्याबद्दल जमीन मिळालेले सैनिक आणि जंगलखात्याची माणसं, बायकापोरांसकट. एका फटक्यात सुमारे १ लाख ४० हजार माणसं उचलली गेली. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, सुमारे ६१ हजारांची. यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती, कारण घरातला कर्ता पुरुष आधीच अटकेत होता. त्याच वसंतात सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी, पोलीस आणि इतर कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कातिनचं जंगल हे त्यातलं एक ठिकाण. त्यांच्या बायका कझाकस्तानकडे जाणाऱ्या डब्यांत बसून, नवऱ्याची पत्रं का थांबली असतील, याचा विचार करत होत्या.

आठवणी लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे तीच पहाट आहे. दारावर बंदुकीच्या दस्त्याचे ठोके. अर्धा तास वेळ. हाडं गोठवणारी थंडी. काय घ्यायचं? बाई गोंधळून चित्राची चौकट उचलते, आजी उशी उचलते, आणि एखादा मऊ मनाचा शिपाई हळूच म्हणतो, गरम कपडे घ्या, पीठ घ्या, लांब जायचंय. कुणी शिवणयंत्र घेतलं तर पुढे त्या यंत्राने घर जगवलं. मग घसरगाडीतून स्टेशन आणि तिथे गुरांचे डबे. डब्यात दोन बाजूंना फळ्यांचे माळे, मध्ये लोखंडी शेगडी, आणि जमिनीत एक भोक. तेच शौचालय. लहान मुलांना आयांनी चादर धरून आडोसा केला, ही आठवण मी इतक्या वेळा वाचली आहे, की त्या डब्याचं चित्र माझ्यासाठी त्या चादरीपासूनच सुरू होतं. स्टेशनांवर कधी ‘किप्यातोक’ मिळे, म्हणजे उकळतं पाणी. बादली घेऊन कोण उतरणार, आणि तोवर गाडी सुटली तर? असे दोन-तीन आठवडे. वाटेत मेलेलं तान्हं मूल रुळांकडेच्या बर्फात ठेवून पुढे जावं लागे.

पोचल्यावर जंगलात झाडं तोडायची किंवा माळावरच्या सामुदायिक शेतावर राबायचं. काम केलं तर पाव, नाही तर नाही. कझाकस्तानात जळणाला लाकूडच नाही. शहरात वाढलेल्या, पियानो वाजवणाऱ्या बायका शेण गोळा करायला, त्यात गवत मिसळून थापायला आणि वाळवायला शिकल्या. आपल्या आज्यांनी थापल्या त्याच या गोवऱ्या. हिवाळ्यात पेटती राहिलेली चूल म्हणजे मूल जगण्याची आशा, असा तो हिशेब होता.

जूनमध्ये तिसरी लाट आली आणि १९४१ च्या उन्हाळ्यात चौथी. एकूण किती माणसं नेली, यावर मोठा वाद आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. लंडनमधल्या पोलिश लोकांनी युद्धकाळात अंदाज बांधले तेव्हा आकडा दहा लाखांच्या वर गेला, आणि घराघरांत तोच रुजला. १९९० नंतर सोव्हिएत दप्तरं उघडली तेव्हा या चार लाटांचा आकडा सुमारे ३ लाख २० हजार निघाला. अटक करून छावण्यांत पाठवलेले, सक्तीने सैन्यात घेतलेले हे सगळे त्यात नाहीत, ते वेगळे मोजावे लागतात. तरी अंतर उरतंच. इतिहासकार कागद दाखवतात, आणि ज्यांनी डब्यातून बाहेर ठेवलेली प्रेतं पाहिली त्यांना आकडा कमी झाला म्हणजे आपलं दुःख कमी लेखलं असं वाटतं. मला दोघांचंही म्हणणं कळतं. पण खऱ्या आकड्यानेच आठवण भक्कम होते, असं माझं मत आहे. ३ लाख २० हजार हा काही लहान आकडा नाही.

सुटका झाली ती हिटलरमुळे, असं म्हणावं लागतं. जून १९४१ मध्ये त्याने सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि स्टालिनला मित्र हवे झाले. जुलैअखेर, देश सोडावा लागून लंडनमध्ये बसलेल्या पोलिश सरकारशी करार झाला आणि हद्दपारांना ‘माफी’ जाहीर झाली. हा शब्द पोलिश लोकांना आजही बोचतो. गुन्हाच नव्हता, मग माफी कसली? पण त्या कागदाने दारं उघडली. जनरल आंडेर्सने सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभं करायला घेतलं आणि त्या सैन्याच्या दिशेने माणसं निघाली. पायी, तराफ्यांवर, मालगाड्यांच्या टपांवर, हजारो मैल. १९४२ मध्ये हे सैन्य कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरलं. सोबत मुलंबायका धरून एकूण सुमारे १ लाख १५ हजार माणसं बाहेर पडली. बंदरावर त्यांचे उवांनी भरलेले कपडे जाळले, डोकी भादरली. कितीतरी जण सुटकेनंतर तिथेच तापाने गेले. अंझलीत, म्हणजे त्याच पहलवी बंदरात, आणि तेहरानमध्ये त्यांची दफनस्थानं आहेत. बहुसंख्य हद्दपार मात्र मागेच राहिले.

सैन्याबरोबरच्या शाळांमध्ये त्या वेळी मुलांकडून निबंध लिहून घेतले गेले, ‘माझ्यावर काय ओढवलं’ अशा धर्तीचे. ते निबंध आज अमेरिकेत हूव्हर संस्थेच्या अभिलेखागारात आहेत. बारा-तेरा वर्षांची मुलं त्यात रडारड करत नाहीत. आई अमुक दिवशी वारली, मग धाकटी बहीण वारली, मग मी अनाथालयात गेलो, असं नुसतं ओळीने सांगतात. पोलिश भाषेतलं हद्दपारीवरचं सगळ्यात खरं लेखन मला या वह्यांत दिसतं.

युद्ध संपलं आणि सिबिराकांना परतीचा रस्ता मिळाला, पण गावं मिळाली नाहीत. क्रेसीचा मुलूख सोव्हिएत संघात गेला होता आणि बदल्यात पोलंडला पश्चिमेकडचा जर्मन भूभाग मिळाला होता. ल्वूवची, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विवची माणसं व्रोत्सवाफला, म्हणजे कालच्या जर्मन ब्रेस्लाऊला येऊन राहिली. सोबत ग्रंथसंग्रह आला, पुतळा आला, लढाईचं एक प्रचंड गोलाकार चित्र आलं. शहरच्या शहर गाठोड्यात बांधून आणावं तसं. ज्या घरांत ही माणसं शिरली त्यांतून जर्मन कुटुंबं नुकतीच बाहेर काढली गेली होती. ताटं फडताळात तशीच होती.

आणि आता तोंड बंद ठेवायचं होतं. देशात कम्युनिस्ट राजवट, सोव्हिएत संघ हा मित्र, त्यामुळे १७ सप्टेंबर नाही, कातिन नाही, सिबिर नाही. झारच्या काळातलं सिबिर शाळेत शिकवलं जाई, स्टालिनच्या काळातलं नाही. आजी नातवाला सांगे आणि वर म्हणे, बाहेर बोलू नकोस. ही दोन पदरी आठवण, बाहेरची आणि घरातली, पंचेचाळीस वर्षं चालली. सोव्हिएत छावणीतल्या आपल्या दिवसांवर गुस्ताव हेर्लिंग-ग्रुद्झिन्स्कीने लिहिलेलं पुस्तक १९५१ मध्ये लंडनमध्ये इंग्रजीत निघालं. पोलंडमध्ये ते उघडपणे यायला ऐंशीचं दशक संपत यावं लागलं.

या दाबलेल्या वाफेचा एक स्फोट १९६८ मध्ये झाला आणि तो झाला मित्स्क्येविचच्या त्या जुन्या ‘ज्यादी’वरून. वॉर्साच्या राष्ट्रीय रंगभूमीवर प्रयोग चालू होते. झारच्या जुलमावरच्या ओळी आल्या की प्रेक्षक कडाडून टाळ्या वाजवत. त्या टाळ्या कुणासाठी होत्या हे सरकारला कळलं, आणि प्रयोग बंद झाले. ३० जानेवारीच्या शेवटच्या प्रयोगानंतर विद्यार्थी चालत कवीच्या पुतळ्यापाशी गेले. मार्चमध्ये विद्यापीठांत आंदोलन पेटलं. सरकारने खापर ज्यूंवर फोडलं. नोकऱ्या गेल्या, सभांमधून नावं घेतली गेली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तेरा हजारांच्या आसपास माणसं देश सोडून गेली. त्यांच्या हाती जो प्रवासाचा कागद दिला, त्यावर लिहिलेलं होतं की धारक पोलंडचा नागरिक नाही. अनेकांच्या गाड्या वॉर्साच्या ग्दान्स्क स्थानकातून सुटल्या. तिथे आज एक पाटी आहे. ती सांगते, की जवळ होतं त्याहून जास्त ही माणसं इथे ठेवून गेली. १८२४ च्या हद्दपारीवर लिहिलेलं नाटक १९६८ मध्ये नवी हद्दपारी घडवायला कारण झालं.

म्हणूनच ही आठवण कुणाची, हा प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. जून १९४० ची तिसरी लाट बहुसंख्येने ज्यूंची होती. जर्मनीच्या ताब्यातल्या भागातून पळून आलेली ही माणसं जंगलात नेऊन टाकली गेली आणि त्यातले पुष्कळ जण त्यामुळेच हिटलरच्या संहारातून वाचले. त्यांच्यासाठी सिबिर म्हणजे नरक आणि जीवदान, दोन्ही. पोलिश कथेत त्यांना बराच काळ जागा नव्हती. तसंच १९४७ मध्ये पोलंडच्याच सरकारने आग्नेयेकडच्या सुमारे १ लाख ४० हजार युक्रेनी आणि लेम्को या डोंगरी लोकांना उचलून पश्चिमेला विखरून टाकलं. त्यांनाही वेळ तासा-दोन तासांचाच मिळाला, त्यांच्याही वाट्याला मालगाडीचेच डबे आले. ज्यांनी स्वतः डबे भोगले त्यांच्या देशाने सात वर्षांनी दुसऱ्यांना डब्यात घातलं. हे पोलंडमध्ये आज बोललं जातं, पण सिबिरइतक्या मोकळेपणाने नाही.

१९८९ नंतर कुलूप निघालं. लंडनमध्ये पोलंडचं परागंदा सरकार तोवर चालूच होतं. त्याचे शेवटचे अध्यक्ष रिशार्द काचोरोव्स्की. बियावीस्तोकचा हा तरुण १९४० मध्ये पकडला गेला होता, त्याला मृत्युदंड झाला होता, तो बदलून सोव्हिएत संघाच्या ईशान्य टोकाकडच्या कोलिमाच्या छावणीत धाडलं होतं. २२ डिसेंबर १९९० रोजी त्यांनी युद्धापूर्वीच्या प्रजासत्ताकाची राजचिन्हं वॉर्साच्या राजवाड्यात नवे निवडून आलेले अध्यक्ष लेख वालेसा यांच्या हाती सोपवली. पन्नास वर्षं परदेशात सांभाळलेलं राज्य घरी परत आलं. वीस वर्षांनी, १० एप्रिल २०१० रोजी, कातिनच्या स्मरणासाठी निघालेलं विमान स्मोलेन्स्कपाशी कोसळलं, त्यात काचोरोव्स्कीही गेले.

वॉर्सात १७ सप्टेंबर १९९५ रोजी पूर्वेकडे मारल्या गेलेल्यांचं स्मारक उभं राहिलं. रुळांवर एक उघडा मालडबा आहे आणि त्यात दाटीवाटीने क्रूस भरलेले आहेत, कॅथलिक, ऑर्थोडॉक्स. त्यांतच ज्यू आणि मुस्लिम थडग्यांच्या खुणाही आहेत. रुळांखालच्या प्रत्येक स्लीपरवर एकेका ठिकाणाचं नाव कोरलेलं आहे. चालता चालता नावं वाचत डब्यापर्यंत जायचं. आणि बियावीस्तोकला, ज्या स्टेशनातून माणसं नेली गेली त्याच्या शेजारच्या जुन्या लष्करी कोठारात, २०२१ पासून सिबिरच्या स्मृतीचं संग्रहालय आहे.

आता कोल्हापूर. इराणमध्ये उतरलेल्या बायकामुलांना ठेवायचं कुठे, म्हणून जगभर विचारणा झाली. पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, आणि भारत. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांनी मुलांना आसरा दिला, ती गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण भारतातली सगळ्यात मोठी पोलिश वस्ती आपल्याकडे होती, वळिवड्याला. १९४३ ते १९४८ या काळात पंचगंगेजवळच्या या गावी सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतांश बायका आणि मुलं. कौलारू बराकींच्या रांगा, चर्च, दवाखाना, शाळा, स्काउटची पथकं, नाटकं. छातीचे रोगी पाचगणीला जात. विगिलिया इथेही झाली, ओप्वातेक मोडली गेली, आणि बाहेर डिसेंबरातली कोल्हापूरची थंडी, जिला ती मुलं थंडी म्हणायलाही तयार नसतील. वळिवड्यात वाढलेल्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत पोटभर जेवण आहे, ऊन आहे, साप आहेत, आंबे आहेत. हद्दपारीच्या पोलिश आठवणींत आनंदाने लिहिलेली पानं थोडी, आणि त्यातली बरीच इथली आहेत. वॉर्सात वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे, आणि कोल्हापुरात महावीर उद्यानात त्या लोकांचा स्तंभ. इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरीही आहेत.

१९४७-४८ मध्ये छावणी मोडली. क्रेसीतलं घर उरलं नव्हतं, त्यामुळे बहुतेकांनी इंग्लंडची किंवा आणखी लांबची वाट धरली. बराकी रिकाम्या झाल्या, पण फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली कुटुंबं त्यांत आणून वसवली गेली. त्यांनी वस्तीला गांधीनगर नाव दिलं आणि कापडाचा धंदा मांडला. कोल्हापूर-सांगलीकडचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला आजही तिथेच जातात. साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून भावाची घासाघीस चालू असते, आणि दुकानांमागच्या एखाद्या गल्लीत जुन्या बराकीची भिंत अजून उभी दिसते.